बडनेऱ्याचा फलाट आणि आपला डबा

अमरावतीला येणाऱ्या माणसाला आधी बडनेरा पाहावे लागते. इंग्रजांच्या काळात मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा रूळ १८६७ साली नागपूरला पोहोचला. तो अमरावती शहरात न शिरता दहाएक किलोमीटर अंतरावरच्या बडनेऱ्यावरून गेला. पुढे अमरावतीसाठी बडनेऱ्याहून एक फाटा काढण्यात आला. तेव्हापासून बडनेरा म्हणजे गाडी बदलण्याचे आणि गाडीची वाट पाहण्याचे गाव, अशीच त्याची ओळख झाली. जुन्या कागदपत्रांत 'बडनेरा बीबी' असे या गावाचे नाव सापडते. आज ते नाव कोणी घेत नाही. आज लोक विचारतात ते एवढेच की, बडनेऱ्याला गाडी किती वाजता येते?

१९८३ साली अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेरा तिच्या हद्दीत गेले. तरी बडनेऱ्याचा माणूस अजूनही "अमरावतीला जाऊन येतो" असेच म्हणतो. कागदावर शहर एक झाले, बोलण्यात झाले नाही. गावाचेही रुळांनी दोन भाग केले आहेत. एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला नवी वस्ती आणि मध्ये स्टेशन. दोन्ही वस्त्यांत आपले बांधव आहेत. कोणी रेल्वेत, कोणी हमालीत, कोणी बांधकामावर, कोणी ऑटो चालवतो, तर कोणी पालिकेच्या सफाई खात्यात. या सर्वांना स्टेशन हे अंगणासारखे आहे. म्हणून देशाचे काय चालले आहे ते समजून घ्यायचे असेल, तर आम्ही वर्तमानपत्राइतकाच बडनेऱ्याच्या फलाटावर विश्वास ठेवतो.

या रुळांशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे आणि ते सगळेच गोड नाही. बाबासाहेबांनी 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या आपल्या आठवणींच्या लिखाणात १९०१ सालची एक हकीकत सांगितली आहे. ते तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील कोरेगावला नोकरीस होते. भाऊ आणि भाच्यांबरोबर ही मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरली. अंगात चांगले कपडे होते, जवळ पैसे होते. न्यायला येणारे माणूस आले नाही, कारण पत्रच पोहोचले नव्हते. स्टेशनमास्तराने आधी आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी जात सांगताच तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही बैलगाडीवाले नेईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर की, मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. वाटेत प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही. आगगाडीत पैसे देऊन बसता आले, पण स्टेशनाबाहेरची बैलगाडी पैसे देऊनही मिळाली नाही. ही गोष्ट आपण आपल्या मुलांना फलाटावर बसून सांगितली पाहिजे. समोर पाण्याचा नळ आहे, त्यावर कोणीही ओंजळ धरतो. तो नळ आपोआप आलेला नाही, हे लेकरांना कळले पाहिजे.

आणि आमच्या वऱ्हाडचा त्यात वाटा आहे, हेही कळले पाहिजे. २० मार्च १९२७ ला महाडचे पाणी चाखल्यानंतर त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बाबासाहेब अमरावतीला आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली होती आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. त्या काळी मुंबईकडून रेल्वेने अमरावतीला येणाऱ्याचा मार्ग बडनेऱ्यावरूनच होता. मंदिराचा प्रश्न आज आपल्यासाठी संपला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तो कायमचा मागे पडला. पण माणूस म्हणून बरोबरीने वावरण्याचा प्रश्न संपला नाही, आणि तो देवळापेक्षा फलाटावर जास्त दिसतो.

याच जीआयपी रेल्वेतील दलित कामगारांची परिषद १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली होती. तेथे बाबासाहेबांनी रेल्वेतील आपल्या माणसांची जी स्थिती मांडली, ती प्रत्येक रेल्वे कामगाराच्या घरात माहीत असावी. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तराच्या घरची कामेही करावी लागत आणि अस्पृश्याचा हात त्या घरात चालत नसे. कामगारांचे दोन शत्रू आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, हे त्यांनी त्याच परिषदेत सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी तेथेच केला. पुष्कळ भाषणे आपण ऐकतो, पण हा खुलासा विसरतो.

आता आजचे पाहू. १९३८ चा गँगमन आणि आजचा बडनेऱ्याचा आपला माणूस यांत मोठे अंतर पडले. आपली मुले तिकीट खिडकीमागे बसली, इंजिन चालवू लागली, टीसीचा काळा कोट घालू लागली. राखीव जागा आणि शिक्षण यांच्या जोरावर हे झाले. पण फलाट झाडणारा माणूस आज बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याला रेल्वेचा पास नाही, क्वार्टर नाही, निवृत्तिवेतन नाही. कायम नोकरीत आरक्षण आहे, ठेक्यात ते नाही. म्हणजे पुढच्या दाराने आपण आत गेलो आणि मागच्या दाराने नोकरीच बाहेर गेली. बाबासाहेबांनी सांगितलेला दुसरा शत्रू तो हाच.

बडनेऱ्याला विजय मिल होती. मिलच्या भोंग्यावर घरातली चूल पेटायची, असे जुनी माणसे सांगतात. मिल बंद पडली. मिलचाळ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. आमच्याच जिल्ह्यातील अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली. ज्या वऱ्हाडात कापूस पिकतो, त्या वऱ्हाडात कापड विणणारे हात रिकामे, याला काय म्हणावे? हे हात मग बडनेऱ्याच्या फलाटावर येतात आणि पुण्याची गाडी धरतात. चाकण, रांजणगाव, पिंपरी ही नावे आज आमच्या वस्तीत शेजारच्या गावांसारखी घेतली जातात. रात्रीच्या गाडीला पोराला पोहोचवायला आई-बाप येतात. आईने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात बांधून दिलेली असते. बाप फारसे बोलत नाही. गाडी हलली की एवढेच म्हणतो, "पोचल्यावर फोन कर बरं."

गेल्या वर्षी फलाटावर एक वयस्क बाई भेटल्या. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी. आम्ही "जयभीम माय" म्हणालो, तशा त्या मोकळ्या झाल्या.

"कुठी चाल्ल्या माय?"

"पुण्याले बापा, लेकाकडे. त्याले लेकरू झालं."

"सीट हाय काय?"

"सीट कायची? जनरलमधी जातो. जागा भेटली त बसतो, नाही त खाली फतकल मारतो. लेकरू पाह्यलं का थकवा जाते."

या बाईंना पूर्वी तिकिटात निम्मी सवलत मिळाली असती. साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के अशी सवलत रेल्वेत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन ती काढली गेली. साथ ओसरली, पण त्या सवलतीवरची बंदी ओसरली नाही. याउलट आपल्या राज्याच्या एसटीने २०२२ साली पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. लेकीबाळी माहेरी जास्त वेळा येऊ लागल्या, हे आम्ही आमच्याच घरात पाहतो. एसटी तोट्यात आहे, गाड्या जुन्या आहेत, जानेवारी २०२५ मध्ये तिचे भाडेही जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले, हे सगळे खरे. तरी ज्याने बाईच्या हाती अर्धे तिकीट दिले त्याला आम्ही बरे म्हणू, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

रेल्वेची दुसरी गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पॅसेंजर गाडीचे कमीत कमी भाडे दहा रुपये होते. टाळेबंदीनंतर गाड्या सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरलाच 'स्पेशल' म्हटले गेले आणि तेच भाडे तीस रुपये झाले. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच. नाव बदलले आणि वीस रुपये वाढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहा रुपयांवर आले. साहेबाला वीस रुपये म्हणजे काहीच नाही. पण रोज बडनेऱ्याहून अमरावतीला धुण्याभांड्याला किंवा दुकानात कामाला जाणाऱ्या बाईला जाऊन येऊन चाळीस रुपये जास्त म्हणजे महिन्याचे हजार रुपये होतात. त्या हजार रुपयांत पोराची शिकवणी बसते. मोठ्या बातम्यांत हा हिशेब येत नाही. तो आपणच मांडला पाहिजे.

आम्ही विकासाच्या विरोधात नाही. जून २०२२ मध्ये बडनेऱ्याजवळच्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातील मान्यापर्यंत पंच्याहत्तर किलोमीटरचा डांबरी रस्ता एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. त्याआधी याच रस्त्यावर हाडे खिळखिळी होत. रस्ता झाला, चांगले झाले. १६ एप्रिल २०२५ रोजी बडनेऱ्यापलीकडच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. तेही चांगलेच. १० ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली आणि ती बडनेऱ्याला थांबते. आमच्या वस्तीतली लेकरे ती पाहायला गेली. गाडी स्वच्छ, दारे आपोआप लागणारी. एका पोराने विचारले, "यात जनरल डबा कुठी हाय?" त्यात तो नाहीच. पोराने एका वाक्यात जे विचारले, ते मोठमोठ्या अग्रलेखांत सापडत नाही.

आमचे मत सरळ आहे. विमान उडाले म्हणून गाव पुढे गेले, असे आम्ही समजत नाही. पुण्याला लेकराकडे निघालेल्या त्या मायला बसायला फळी मिळाली, तर गाव पुढे गेले. रेल्वेने अलीकडे हजारो नवे बिगर-वातानुकूलित डबे बांधण्याची घोषणा केली आहे. ते डबे आपल्या गाड्यांना लागतात की नाही, हे मोजायला कोणी दिल्लीहून येणार नाही. फलाटावर उभे राहून आपणच मोजायचे.

नोकरीचेही तसेच. २०१० च्या रेल्वे अर्थसंकल्पात बडनेऱ्याला वॅगन दुरुस्ती कारखान्याची घोषणा झाली. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. घोषणा झाली तेव्हा जी पोरे पहिलीत होती, ती बारावी पार करून गेली. अशा वेळी आपण दोन गोष्टी करायच्या असतात. एक म्हणजे विचारत राहायचे. दुसरी, आपल्या मुलांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांचे आयटीआय शिक्षण देऊन तयार ठेवायचे. जागा निघेल त्या दिवशी प्रमाणपत्र हातात नसेल, तर दोष कोणाला द्यायचा?

फलाटावरच्या बाकावर राजकारणही चालते. आमच्या अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव, अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले आणि त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. त्या दिवशी बडनेऱ्यात लोकांनी एकमेकांना पेढे दिले. एक गृहस्थ म्हणाले, "आता तरी मान्य करा, जात संपली." त्यांना उत्तर द्यायची वेळ आमच्यावर आली नाही. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने सरन्यायाधीशांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला, आणि उत्तर देशानेच पाहिले. सरन्यायाधीशांनी मात्र विचलित न होता कामकाज पुढे चालू ठेवले. आम्हाला त्या घटनेत बुटापेक्षा ती शांतता मोठी वाटली. रागाला रागाने जिंकता येत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. पण शांत राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

डब्यात आजही समोरचा माणूस आधी गाव विचारतो आणि मग हळूच आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर आणखी काही विचारतो. अशा वेळी आपल्यातली काही शिकलेली माणसे आडनाव गिळतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. २०१५ साली शिर्डीला एका तरुणाचा खून झाला तो मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची धून वाजली म्हणून, हे आपण विसरलेलो नाही. तरी आमचे सांगणे असे की, विचारले तर निवांतपणे सांगावे, "आम्ही बौद्ध." भांडायचे नाही, लाजायचेही नाही. मसूर स्टेशनवरच्या मुलांनी खरे सांगितले होते. त्यातलाच एक मुलगा पुढे देशाची घटना लिहायला बसला.

आता ६ डिसेंबरविषयी. दरवर्षी महापरिनिर्वाण दिनाला मध्य रेल्वे नागपूरहून मुंबईला अनारक्षित विशेष गाड्या सोडते. त्या बडनेऱ्याला थांबतात. पांढऱ्या कपड्यांनी फलाट भरून जातो. दरवर्षी कोणीतरी कुजबुजते की, हे लोक फुकट जातात. या कुजबुजीला भाषणाने उत्तर देऊ नये, तिकिटाने द्यावे. आपली माणसे उपाशी राहून तिकीट काढतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण एकाने जरी काढले नाही, तरी नाव सगळ्या समाजाचे होते. चैत्यभूमीला जाणारा माणूस शीलवान असावा, आणि न दिलेले न घेणे हे पंचशीलातच आहे. डबा खरकट्याने भरून ठेवू नये. लहान मुलाच्या खिशात बापाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. म्हाताऱ्यांच्या गोळ्या पिशवीत वरच ठेवाव्यात. आणि परत येताना घरात एक तरी नवे पुस्तक यावे. दादरहून बिल्ला आणला तर तो वर्षभर छातीवर राहतो, पुस्तक आणले तर जन्मभर डोक्यात राहते.

शेवटी आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. आमचा जन्म कारकुनीत चालला आहे. टेबलापलीकडे बसून एक गोष्ट कळली. तोंडी सांगितलेले कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि कागदावर आलेले कोणालाच सहजासहजी टाळता येत नाही. आपली माणसे फलाटावर तास तास तक्रार करतात. पाणी नाही, डबा कमी, पंखा बंद. गाडी आली की तक्रार फलाटावर राहते आणि माणूस निघून जातो. हे सोडावे. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. शिकलेल्या मुलाने अर्ज लिहावा. तारीख, गाडीचा क्रमांक, स्टेशन, काय घडले, काय हवे, एवढेच लिहावे, पाल्हाळ नको. खाली वीस-पंचवीस सह्या घ्याव्यात, आया-बहिणींच्याही. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असे समजावे. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आपल्याच हाती आला आहे. त्या अर्जाचे शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. दहा रुपये म्हणजे बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंतचे पॅसेंजरचे एक तिकीट. तेवढ्या पैशांत आपला प्रश्न साहेबाच्या टेबलापर्यंत जातो.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे वाक्य आपल्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर आहे. भिंतीवरून ते खाली उतरवायचे तर सुरुवात अशीच कुठून तरी करावी लागेल. अर्ज लिहिणे हे शिक्षण, सह्या घेणे हे संघटन आणि उत्तर येईपर्यंत मागे लागणे हा संघर्ष. या रविवारी प्रत्येक विहाराने एक अर्ज लिहावा, असे आम्ही सुचवतो. बडनेऱ्याच्या बांधवांनी पहिला अर्ज जनरल डब्यांसाठी लिहावा.

जयभीम.